जात्याशी बोलणारी बाई आणि आमचा खुलासा

स्वतःशी मोठ्याने बोलणाऱ्या माणसाकडे आपला समाज दोनच नजरांनी पाहतो. एक तर तो वेडा, नाही तर तो पोहोचलेला फकीर. पहिल्याला पोरे खडे मारतात, दुसऱ्याला बायाबापड्या चहा पाजतात. पण या दोघांपेक्षा संख्येने कितीतरी मोठा असा तिसरा वर्ग आहे आणि त्याची दखल कोणी घेत नाही. तव्यासमोर भाकरी थापताना पुटपुटणारी बाई, दुकानाचा हिशेब तोंडाने बोलत करणारा म्हातारा, वहीवर वाकून 'आता हातचा एक' असे म्हणणारे पोर. हे वेडेही नाहीत आणि वलीही नाहीत. ते तुम्ही-आम्ही आहोत. या लेखात आम्हांला या तिसऱ्या वर्गाविषयी, आणि त्याच्या बोलण्याचे आपल्या साहित्याशी काय नाते आहे त्याविषयी, चार शब्द लिहायचे आहेत.

या बोलण्याला मराठीत 'स्वगत' म्हणतात, उर्दूत 'खुदकलामी'. दोन्ही शब्द इभ्रतदार आहेत, कारण ते साहित्यातले आहेत. घरातला शब्द मात्र वेगळा आहे. घरात ती 'बडबड' असते. "अकेली-अकेली क्या बडबडा रही?" असे आपल्या घरांत विचारले जाते आणि बाई ओशाळून गप्प होते. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' (१९७०) मधले अप्पासाहेब बेलवलकर रंगमंचावर एकटेच बोलतात तेव्हा प्रेक्षागृह श्वास रोखून ऐकते. तसाच एखादा म्हातारा पाचोऱ्याच्या बसस्थानकावर एकटा बोलू लागला तर लोक जागा बदलून बसतात. अलीकडे एवढाच फरक पडला आहे की, कानात बिनतारी यंत्र घालून रस्त्याने मोठमोठ्याने बोलत जाणाऱ्याला कोणी हसत नाही. म्हणजे लोकांना आक्षेप एकट्याने बोलण्याचा नाही. ऐकणारा कोणीच नसताना बोलण्याचा आहे.

आणि नेमक्या याच, ऐकणारा कोणीच नसतानाच्या बोलण्यातून आमच्या खानदेशाची सर्वांत मोठी कविता निघाली आहे.

बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या आणि १९५१ साली वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात निंदताना, घरी दळताना, चुलीपुढे बसताना त्या लेवा बोलीत जुळवून बोलत, गात. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव चौधरी आणि घरातल्यांनी त्यांतले काही टिपून ठेवले. आई गेल्यानंतर सोपानदेवांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. कधी शाळेत न गेलेल्या बाईच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात.

बहिणाबाईंवर पुष्कळ लिहिले गेले. पण बहुतेक टीका दोन कप्प्यांत बसते. एका कप्प्यात त्या 'निसर्गकन्या' ठरतात, दुसऱ्या कप्प्यात 'अडाणी तत्त्वज्ञ'. पाठ्यपुस्तकांतूनही त्यांच्या ओळी सुविचारासारख्या शिकवल्या जातात, जणू त्या कोणाला तरी उपदेश करीत होत्या. आमचे म्हणणे असे आहे की, या वाचनात मूळ गोष्ट हातातून निसटते. ही कविता उपदेशाची नाही, कारण ती समोरच्याला उद्देशून नाही. ती एकट्या बाईचे बोलणे आहे, आणि तिची रचना, तिची संबोधने, तिची लय हे सर्व त्या एकटेपणातून आलेले आहे.

त्यांची संबोधनेच पाहा. त्या जात्याला हाक मारतात, संसाराला हाक मारतात, धरतीला, पाखराला, देवाला हाक मारतात. यांपैकी एकही उत्तर देणारा नाही. खानदेशी बोलीत जात्याला 'घरोट' म्हणतात. घरोटावरच्या कवितेत त्यांनी आपल्या काव्याचे सगळे शास्त्र सांगून टाकले आहे. जात्यातून जशी पिठी पडते तसे आपले गाणे पोटातून ओठावर येते, असा तिचा आशय. यात श्रोता कुठेच नाही. पोट आहे, ओठ आहे आणि मध्ये फिरणारा दगड आहे. गाणे का येते? दळण चालू आहे म्हणून येते. हात थांबला की तेही थांबेल. काव्यनिर्मितीवर मराठीत जाडजूड ग्रंथ आहेत, पण काम, श्वास आणि शब्द यांचा संबंध इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे वचन आम्हांला ठाऊक नाही.

याहून महत्त्वाची आम्हांला त्यांची वैधव्यावरची कविता वाटते. तिशीच्या आसपास त्यांचे पती नथुजी वारले. त्या प्रसंगावरच्या कवितेत कोणाशी बोलले जात आहे हे सतत बदलत जाते. आधी त्या धरतीला विचारतात की, झाड निघून गेले आणि मागे सावली उरली, ही कसली जादू? मग कुंकू पुसले तरी गोंदण उरले, बांगडी फुटली तरी मनगटातले कर्तृत्व उरले, असा हिशेब त्या मांडतात. भेटायला आलेल्या आयाबायांना त्या सांगतात की, माझी कीव करू नका. आणि या सगळ्यात त्या आपल्याच जिवाकडे वळून त्याला दटावतात की, रडू नकोस, तुला रडण्याची सवयच लागली आहे. शेवटी ज्याच्याशी बोलायचे तो आपला जीवच आपल्याला उरला, या जाणिवेवर त्या येतात.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. शोक सांगणारी कविता पुष्कळ असते. पण आपल्याच जिवाला 'तू' म्हणणे, त्याची खोड त्याला दाखवणे आणि त्यातून उभे राहणे, हे दुसऱ्या कोणाला सांगायचे म्हणून होत नाही. आयाबाया समोर असताना बाई रडते, कारण त्या रडवायलाच आलेल्या असतात. त्या उठून गेल्यावर जे बोलणे सुरू होते ते वेगळेच असते. बहिणाबाईंची थोरवी ही की, आयाबाया उठून गेल्यावरचे बोलणे त्यांनी गाण्यात आणले.

कोणी म्हणेल की, हे सारे खरे, पण ऐकणारा नव्हता असे कसे म्हणता? सोपानदेव ऐकत होते, शेजारणी ऐकत होत्या. मुद्दा योग्य आहे. आमचे उत्तर असे की, ऐकू जाणे वेगळे आणि ऐकवणे वेगळे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८३३ साली वक्तृत्व आणि काव्य यांत असाच भेद केला होता. वक्तृत्वाला श्रोता हवा असतो. काव्य स्वतःशी चाललेले असते आणि आपल्या कानी ते सहज पडते. बहिणाबाईंचे गाणे शेजारीण ऐकत असेल, पण ते शेजारणीसाठी बेतलेले नव्हते. पुढे 'मानिनी' (१९६१) या चित्रपटात त्यांच्या कविता वाद्यवृंदासह गायल्या गेल्या आणि घरोघरी पोहोचल्या. त्या प्रसाराचे मोल मोठेच आहे. तरीही जात्याच्या घरघरीत एकटीने म्हटलेले आणि रेडिओवरून सर्वांना ऐकवलेले, यांतले अंतर टीकाकाराने विसरू नये.

ही परंपरा बहिणाबाईंपाशी सुरू होत नाही. समर्थ रामदासांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून लिहिले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत रचला, त्याच्या नावातच आतल्या लढाईची सूचना आहे. आपल्या उर्दूकडे वळावे तर गझलेचा मक्ता काय आहे? शायर शेवटच्या शेरात स्वतःचे तखल्लुस घेतो आणि स्वतःलाच हाक मारतो, टोमणा देतो, समजावतो. औरंगाबादचे (२०२३पासून छत्रपती संभाजीनगर) वली आणि सिराज यांच्यापासून दिल्लीच्या गालिबपर्यंत हा रिवाज चालत आला. मराठीत इलाही जमादार (१९४६–२०२१) यांनी 'इलाही' हे नाव मक्त्यात घेऊन तो राखला. विशेष म्हणजे ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की, ताणाच्या प्रसंगी 'मी' म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने संबोधून विचार करणारी माणसे आपल्या भावनांना अधिक चांगले सांभाळतात. प्रयोगशाळेला हे एकविसाव्या शतकात उमगले. मक्त्याला कित्येक शतके आधी ठाऊक होते.

पण जात्याचा प्रश्न निघाला आहे तर आपल्या दखनी परंपरेतली एक गोष्ट येथे ठेवली पाहिजे. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' नावाची दखनी गीते होती. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या आपल्या १९७८ सालच्या पुस्तकात त्यांचा विचार केला आहे. बायांनी दळताना, सूत कातताना ती म्हणावीत, चक्कीच्या फेऱ्याबरोबर जिक्र व्हावा, अशी त्यांची योजना. दीनाची शिकवण साध्या बायांच्या तोंडी जाण्याचा हा फार सुंदर मार्ग होता आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. मात्र टीकाकार म्हणून एक फरक नोंदवणे भाग आहे. चक्कीनामा बुजुर्गांनी रचला आणि बायांनी म्हटला. बहिणाबाईंचे गाणे दळणाऱ्या बाईनेच रचले. एका ठिकाणी बाईच्या ओठांना शब्द पुरवले गेले, दुसऱ्या ठिकाणी बाईच्या ओठांवरचे शब्द उचलून घेतले गेले. आपल्या घरांतल्या बायाही चक्कीनाम्याखेरीज स्वतःचे काही म्हणत असतीलच. शेकडो वर्षे त्यांनी दगड फिरवला, त्या मुक्या कशा असतील? पण ते टिपणारा सोपानदेव त्यांना किती घरांत लाभला?

महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हे काम झाले म्हणून त्या वाचल्या, कारण पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. गिरणीने बाईचे कष्ट वाचवले, याबद्दल दुमत नाही. परंतु पहाटे घर झोपलेले असताना जो एक तास फक्त तिचा होता, जिथे ती सासूला, नशिबाला, देवाला काहीही बोलू शकत होती, तोही सोबत गेला. आता ते बोलणे तव्यापुढे आणि शिवणयंत्रापुढे येऊन थांबले आहे, तुटक, सुराविना. त्यालाच आपण बडबड म्हणतो.

आता शाळेकडे येऊ, कारण आमचा धंदा तो आहे. बी.एड.च्या वर्गात पियाजे आणि व्यगॉट्स्की ही दोन नावे परीक्षेपुरती पाठ करून घेतली जातात. खरे तर त्यांचा वाद आपल्याच विषयाचा आहे. १९२३ साली पियाजेने म्हटले की, लहान मूल स्वतःशी बोलते ते त्याच्या आत्मकेंद्रीपणाचे लक्षण, मूल समाजात मिसळले की ते आपोआप संपते. व्यगॉट्स्कीने १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात उलट मांडणी केली. हे बोलणे संपत नाही, ते आत जाते आणि त्याचाच विचार बनतो. त्याने मुलांना चित्रे काढायला देऊन मध्येच अडचण उभी केली, कागद किंवा हवी ती पेन्सिल नाहीशी केली, तेव्हा मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुपटीने वाढले. एक मूल ट्राम काढत होते. पेन्सिलीचे टोक मोडले. 'मोडली' अशा अर्थाचे काहीतरी ते हळूच पुटपुटले आणि मग रंग घेऊन त्याने अपघातात मोडलेल्या ट्रामचे चित्र काढले. तोंडून निघालेल्या एका शब्दाने चित्राचा विषय बदलला. आमच्या मते साहित्यनिर्मितीचा सारा कारखाना या एका उदाहरणात दिसतो. काहीतरी मोडते, माणूस स्वतःशी एक शब्द बोलतो आणि त्या शब्दातून नवे चित्र निघते. झाड गेले, सावली उरली.

व्यगॉट्स्कीचा आणखी एक प्रयोग आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. ज्यांना ऐकू येत नाही अशा किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये त्याने काही मुलांना बसवले. त्यांचे स्वतःशी बोलणे एकदम घटले, कित्येकांचे तर थांबलेच. म्हणजे स्वतःशी बोलायलाही एक भरवसा लागतो. आजूबाजूला कोणी ऐकत नसले तरी चालेल, पण ऐकलेच तर त्याला ते कळेल, एवढा भरवसा.

हे वाचताना आपली मुले डोळ्यांपुढे येतात. पाचोऱ्यासारख्या गावातल्या आमच्या मुलाच्या तोंडात घरची बोली असते, तिच्यात दखनी आणि खानदेशी यांची सरमिसळ. शाळेत पुस्तकी उर्दू. बाजारात, कापसाच्या तोलावर, केळीच्या मालट्रकवर अहिराणी आणि मराठी. सरकारी कागदावर तिसरीच मराठी. हे मूल कोणत्या भाषेत स्वतःशी बोलते? गणित अडले की ओठ कोणत्या भाषेत हलतात? शाळा त्याला उत्तर विचारते, हे कधी विचारत नाही. वर्गात शिस्त म्हणजे ओठ बंद. 'मनात वाचा' हा हुकूम फार लवकर येतो, ज्या वयात वाचनाला अजून मनच तयार झालेले नसते. घरची बोली वर्गात गावंढळ ठरते आणि वर्गाची भाषा घरात परकी. मग ते मूल दोन्हीकडे गप्प राहायला शिकते. त्याचे हे गप्प राहणे गुणपत्रिकेत 'वर्तन चांगले' म्हणून नोंदवले जाते.

आणि हीच मुले पुढे लेखक होतात. येथे आमचा खरा मुद्दा येतो.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखनाने बरेच मिळवले. आपण मराठी आहोत, या मातीचे आहोत, हे ठासून सांगावे लागले आणि ते सांगितले गेले. ती काळाची गरज होती. परंतु या सांगण्याची एक सवय जडली. आपली कविता कोणाला तरी उत्तर देते. आपली कथा कोणाची तरी शंका फेडते. आपल्या कथेतली अम्मी शिरखुर्मा करते तेव्हा तो कशाचा असतो हे कंसात समजावले जाते. नायक नमाजला उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात काय चालले आहे त्याऐवजी नमाजची माहिती येते. समोर सतत एक शंकेखोर वाचक बसलेला आहे आणि लेखक त्याला खुलासा देतो आहे.

'खुलासा' हा शब्द मोठा गमतीचा आहे. उर्दूत खुलासा म्हणजे सार, निष्कर्ष. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ झाला स्पष्टीकरण. अधिकारी कर्मचाऱ्याकडून मागतो तो खुलासा. आपल्या साहित्याचे नेमके हेच झाले आहे. मराठीतला खुलासा आपण भरपूर दिला. उर्दूतला खुलासा, म्हणजे आपल्या जगण्याचा अर्क, द्यायचा बराचसा राहून गेला.

तो देता येतो, याची साक्षही आहे. मलिका अमर शेख यांच्या आत्मकथनाचे नावच 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) असे आहे. हे वाक्य कोणाला उत्तर म्हणून लिहिलेले नाही. ते बंद खोलीतले वाक्य आहे, म्हणून ते दार फोडून बाहेर येते. त्यातल्या कित्येक गोष्टी पटोत न पटोत, त्या पुस्तकावर खुलाशाचा आरोप कोणी करू शकत नाही.

यावर आक्षेप येईल की, ज्याच्याकडे रोज बोट दाखवले जाते त्याने उत्तर द्यायचे नाही काय? अवश्य द्यावे. त्यासाठी लेख आहे, भाषण आहे, निवेदन आहे, न्यायालय आहे. पण कवितेला आणि कथेला त्या रांगेत उभे करू नये. आणि दुसरे असे की, स्वतःशी बोलणे म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे नव्हे. बहिणाबाईंनी आपल्या जिवाला दटावले आणि ते बोल घराघरांतल्या बायांना आपले वाटले. त्यांनी मनावर कविता केली, पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या ढोरासारखे मन, खसखशीच्या दाण्याएवढे आणि आभाळातही न मावणारे मन. त्यात लेवा पाटील समाजाचा खुलासा कुठेही नाही. तरी त्या समाजाची बोली मराठीच्या माथ्यावर जाऊन बसली. समाजाची इज्जत वाढवण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो खुलाशाच्या मार्गापेक्षा लांबचा असला तरी पक्का आहे.

म्हणून आम्ही आपल्या लिहिणाऱ्या भावा-बहिणींपुढे एक साधी कसोटी ठेवतो. लिहून झालेला मजकूर दार लावून मोठ्याने म्हणून पाहावा. ज्या ओळी एकट्याने म्हणताना अवघडल्यासारखे होते, त्या बहुधा दुसऱ्या कोणासाठी लिहिलेल्या असतात. ज्या ओळी ओठांवर सहज येतात, घरच्या बोलीचा एखादा शब्द सोबत ओढून आणतात, त्या ठेवाव्यात. कंस खोडावेत. वाचकाला शिरखुर्मा ठाऊक नसेल तर तो शेजारी जाऊन विचारील, तेवढेच जाणे-येणे वाढेल.

आणि दुसरे काम लेखकांचे नाही, घरातल्या प्रत्येक शिकलेल्या मुलामुलीचे आहे. अम्मी, दादी, नानी, खाला तव्यापुढे जे पुटपुटतात ते हसण्यावारी नेऊ नये. तारीख घालून, त्यांच्याच बोलीत, दुरुस्ती न करता ते वहीत उतरवावे. त्यातले पुष्कळ खरोखरच बडबड निघेल. पण असोद्याच्या त्या लेकीचे बोलणेही टिपून ठेवले नसते, तर आज ते कोणाला ठाऊक असते?